मिरजेचे डॉक्टर : सर विल्यम वानलेस
(द्वितीय वर्ष, कला)

सांगलीहून मिरजेला जाताना वाटेत वानलेसवाडी लागते. बसचा कंडक्टर हे नाव दिवसातून कितीतरी वेळा पुकारतो, उतरणारे उतरतात, चढणारे चढतात आणि बस पुढे निघते. नाव इतके अंगवळणी पडले आहे की ते एखाद्या जुन्या वतनदाराच्या आडनावावरून पडले असावे असे पुष्कळांना वाटते. वानलेस हे आडनाव आपल्या कृष्णाकाठचे नव्हे, ते सातासमुद्रापलीकडून आलेले आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ज्यांना ठाऊक असते त्यांनाही त्या माणसाने येथे येऊन नेमके काय केले हे विचारले तर बहुधा एवढेच सांगता येते की त्यांनी मिरजेत मोठा दवाखाना काढला.

आमचे गाव सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात आहे. तेथून मिरज काही हाकेच्या अंतरावर नाही. तरीसुद्धा आमच्याकडे एखाद्याचे दुखणे हाताबाहेर गेले की त्याला मिरजेला नेले असे म्हणत. माझ्या आजीच्या तोंडी हे शब्द आजही आहेत. ते म्हणताना तिचा आवाज एकाच वेळी आशेचा आणि भीतीचा असतो. मिरजेला नेले म्हणजे आता इलाज होईल, आणि मिरजेला नेले म्हणजे आता पोट फाडणार. सातारा, सांगली, कोल्हापूर, बेळगाव, विजापूर इतक्या मोठ्या मुलखाला मिरज हे गाव दुखण्याच्या संदर्भात आठवावे असे कोणी केले, याचा शोध घेताना मला सर विल्यम वानलेस भेटले. त्यांचे चरित्र माझ्या कुवतीप्रमाणे येथे सांगत आहे.

विल्यम जेम्स वानलेस यांचा जन्म १८६५ साली कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात झाला. हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याआधी अवघी एकोणीस वर्षे, म्हणजे १६ ऑक्टोबर १८४६ रोजी, अमेरिकेतील बोस्टन शहरात मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने एका रुग्णाला इथरची वाफ हुंगवली आणि त्याच्या मानेवरची गाठ सर्वांसमक्ष कापण्यात आली. पुढल्याच वर्षी एडिंबरोच्या सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणला. त्यापूर्वी शस्त्रक्रिया म्हणजे चार धटिंगणांनी रुग्णाला दाबून धरायचे आणि सर्जनने जितक्या लवकर होईल तितक्या लवकर पाय कापून मोकळे व्हायचे. सर्जनची कीर्ती त्याच्या हाताच्या वेगावर ठरे. वानलेस दोन वर्षांचे असताना, १८६७ साली, लिस्टर यांनी जखमेत पू होऊ नये म्हणून कार्बोलिक आम्ल वापरण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली. भूल आणि निर्जंतुकता या दोन पायांवर आजची शस्त्रक्रिया उभी आहे. हे दोन्ही पाय रोवले जात असतानाच वानलेस लहानाचे मोठे झाले.

आपल्याकडे हा विचार अगदीच नव्हता असे नाही. सुश्रुताने शस्त्रकर्मापूर्वी रुग्णाला तीक्ष्ण मद्य पाजावे असे सांगितले आहे. बहुतेक शस्त्रकर्मांआधी रुग्णाला खाऊ घालावे, परंतु उदर, मूळव्याध, मूतखडा, मुखरोग अशा काही रोगांत मात्र तो उपाशी असावा, असाही भेद त्याने केला आहे. मात्र वानलेस आले तेव्हा आपल्या खेड्यापाड्यांत ही विद्या ग्रंथातच राहिली होती. हाताला होते ते वैदूचे औषध, डाग देणे आणि देवऋषी.

वानलेस यांनी न्यूयॉर्क येथे वैद्यकीचे शिक्षण घेतले आणि १८८९ साली ते पदवीधर झाले. त्याच वर्षी प्रेस्बिटेरियन मिशनच्या वतीने ते पत्नी मेरी यांच्यासह हिंदुस्थानात आले. मेरी या परिचारिका होत्या. वय वर्षे चोवीस, हाती नवी कोरी पदवी, भाषा ठाऊक नाही, माणसे ठाऊक नाहीत. येथे मला आनंदीबाई जोशी यांची आठवण होते. त्या इकडून तिकडे गेल्या, १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात त्यांची नेमणूक झाली आणि त्या जागेवर रुजू होण्याआधीच फेब्रुवारी १८८७ मध्ये त्यांनी देह ठेवला. त्यानंतर दोनच वर्षांनी तिकडचा एक तरुण डॉक्टर आपल्या मुलखात उतरला. आनंदीबाईंना आयुष्य लाभले असते तर दक्षिण महाराष्ट्राच्या वैद्यकीचा इतिहास एका मराठी स्त्रीच्या नावाने सुरू झाला असता, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

वानलेस दांपत्याने प्रथम सांगलीत एक लहानसा दवाखाना चालवला. थोड्याच काळात ते मिरजेला गेले. मिरज हे पटवर्धनांचे संस्थान. त्याच सुमारास ते रेल्वेचे महत्त्वाचे ठाणे बनत होते. पुण्याहून येणारी आगगाडी मिरजेवरून पुढे बेळगावकडे जाई, आणि १८९१ साली कोल्हापूर ते मिरज हा फाटाही सुरू झाला. ज्या रुग्णाला बैलगाडीत घालून चार दिवस हादरे देत आणावे लागले असते, तो आता गाडीने येऊ शकत होता. रुग्णालय कोठे काढावे याचा निर्णय करताना हे ध्यानात घेणारा माणूस नुसता सर्जन नव्हता, त्याला व्यवहारही कळत होता.

१८९४ साली मिरजेत रुग्णालयाची इमारत उभी राहिली. तिला मोठी देणगी दिली ती फिलाडेल्फियाचे जॉन कॉन्व्हर्स यांनी. हे गृहस्थ बाल्डविन या आगगाडीची इंजिने बनवणाऱ्या कारखान्याचे एक चालक होते. इंजिनांच्या पैशातून झालेले रुग्णालय आगगाडीच्या जंक्शनवर उभे राहावे, हा योग मोठा मौजेचा वाटतो.

आता त्या काळची शस्त्रक्रिया डोळ्यांपुढे आणून पाहू. विजेचे दिवे नाहीत. जे करायचे ते बहुधा दिवसाच्या उजेडात. रक्त देण्याची सोय नाही. रक्तगटांचा शोधच मुळी १९०१ साली लागला. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. पेनिसिलीन तर फार पुढची गोष्ट. भुलीसाठी आपल्या देशात मुख्यतः क्लोरोफॉर्मच वापरत. इथर भडकन पेट घेते आणि उष्ण हवेत भरभर उडून जाते. क्लोरोफॉर्म पेटत नाही, थोडे पुरते आणि रुग्णाला लवकर गुंगी आणते. तारेच्या लहान चौकटीवर फडके ताणून ती रुग्णाच्या नाकातोंडावर धरायची आणि बाटलीतून एकेक थेंब फडक्यावर टाकत राहायचे. देणाऱ्याचे एक बोट नाडीवर, कान श्वासावर आणि नजर बुबुळांवर. थेंब कमी पडला तर रुग्ण टेबलावर हातपाय झाडी, जास्त पडला तर श्वास थांबे. यंत्र असे कोणतेच नव्हते. माणसाचे लक्ष हेच यंत्र.

आणि हे औषध दिसते तितके भोळे नव्हते. इंग्लंडात २८ जानेवारी १८४८ रोजी हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिले असता काही क्षणांत मरण पावली. क्लोरोफॉर्मने मृत्यू येतो तो श्वास थांबून की हृदय थांबून, यावर पुढे पन्नास-साठ वर्षे वाद चालला. त्याचा एक मोठा अध्याय आपल्याच देशात, निजामाच्या हैदराबादेत घडला. निजाम सरकारच्या खर्चाने १८८८ आणि १८८९ साली तेथे दोन आयोग बसले. श्वासावर नीट लक्ष ठेवले तर धोका नाही असा त्यांचा निष्कर्ष होता. हृदयावरही घाव पडू शकतो हे पुढे १९११ च्या सुमारास लेव्ही यांच्या प्रयोगांनी दिसून आले. त्या हैदराबादेतच रूपाबाई फर्दुनजी या पारशी स्त्रीने क्लोरोफॉर्म देण्याचे काम केले. जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांचे नाव घेतले जाते. वानलेस मिरजेत आले ते या वादाच्या ऐन भरात.

अशा साधनांनिशी त्यांनी मोतीबिंदू काढले, गाठी कापल्या, मूतखडे काढले, पोटाच्या शस्त्रक्रिया केल्या. मोतीबिंदूने त्यांचे नाव सर्वांत आधी खेडोपाडी नेले असावे. आंधळा म्हातारा नातवाच्या खांद्यावर हात ठेवून जातो आणि चालत, बघत परत येतो, याहून मोठी जाहिरात ती कोणती? शंका घेणाऱ्यालाही त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांपुढे दोन बोटे धरून पाहता येत होती. पोटातल्या शस्त्रक्रियेला माणूस तयार व्हायचा तो बहुधा गावातला एखादा मोतीबिंदूवाला बरा होऊन आल्यानंतरच.

परंतु एकट्या डॉक्टरच्या हातून हे होणार नव्हते. एक जण कापणार तर दुसरा भूल देणारा हवा, तिसरा हत्यारे उकळून देणारा हवा, आणि रात्री उशाशी बसून श्वास मोजणारी बाई तर हवीच हवी. वानलेस यांची खरी दूरदृष्टी मला येथे दिसते. रुग्णालय उभे राहिल्यावर थोड्याच वर्षांत त्यांनी मिरजेत परिचारिकांचे शिक्षण सुरू केले आणि वैद्यकीय मदतनीस तयार करणारी शाळाही चालवली. ज्या काळात चांगल्या घरची बाई परक्या माणसाच्या अंगाला हात लावीत नसे, आणि दलित म्हटलेल्यांच्या हातचे पाणी कोणी पीत नसे, त्या काळात येथल्याच मुलामुलींच्या हाती नाडी दिली गेली. शाळेतून बाहेर पडलेले लोक पुढे गावोगावी गेले. इमारत देणगीतून उभी राहते, पण शिकलेले हात सावकाश तयार होतात.

रुग्णालयाबरोबर इतर कामेही वाढली. मिरजेत मिशनचे कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय झाले. १९२० च्या सुमारास सांगली-मिरज रस्त्यावर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. तीच आजची वानलेसवाडी. क्षयावर तेव्हा औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसीनचा शोध १९४३ सालचा. तोपर्यंत मोकळी हवा, विश्रांती, दूध आणि सकस अन्न एवढाच उपचार. क्षयी माणसाला घरात कोणी थारा देत नसे, तेव्हा त्याला हक्काची खाट मिळाली हीच मोठी गोष्ट होती. कोल्हापुरातही मिशनचे रुग्णालय झाले. त्याला डॉक्टरांच्या पहिल्या पत्नी मेरी वानलेस यांचे नाव आहे. राजर्षी शाहू छत्रपतींचा वानलेस यांच्यावर लोभ होता. सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले आणि १९२८ साली सर ही पदवी दिली. त्याच वर्षी, जवळजवळ चाळीस वर्षांच्या सेवेनंतर, त्यांनी मिरज सोडली. रुग्णालयाची धुरा डॉ. चार्ल्स व्हेल यांच्याकडे गेली. १९३२ साली वानलेस यांचे हिंदुस्थानातील कामाविषयीचे आत्मकथनपर पुस्तक निघाले आणि १९३३ साली कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे. वानलेस हे मिशनरी होते आणि आपल्या धर्माचा प्रसार हा त्यांच्या येण्याचा उघड हेतू होता. तो त्यांनी कधी लपवला नाही. त्यामुळे त्यांच्याविषयी त्या काळच्या काही लोकांच्या मनात अढी असेल तर ते समजण्यासारखे आहे. इंग्रजी राज्याने दिलेल्या पदव्यांचाही आपण आज वेगळा विचार करू. परंतु चरित्र लिहिताना माणसाने काय मानले याबरोबर त्याने काय केले हेही मांडावे लागते. त्यांच्या दारी आलेल्या हजारोंपैकी बहुतेक जण आपापला देव घेऊन आले आणि आपापला देव घेऊन बरे होऊन परत गेले. मिरजेत मीरासाहेबांचा दर्गा आहे, अंबाबाईचे देऊळ आहे, तंतुवाद्ये घडवणारे कारागीर आहेत. त्या गावाने या परक्या डॉक्टरलाही आपल्यात सामावून घेतले, यात गावाचाही मोठेपणा आहे.

मित्रहो, हे चरित्र मला एवढे जवळचे का वाटले हे आता सांगते. गेल्या वर्षी माझ्या आईच्या पित्ताशयातले खडे काढण्याची शस्त्रक्रिया मिरजेतल्याच एका दवाखान्यात झाली. शस्त्रक्रिया दुर्बिणीची होती, पण त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागणार होती. आईला कापण्याची भीती वाटत नव्हती. शेतात विळा लागून तिची बोटे किती वेळा कापली असतील. तिला भीती होती ती भुलीची. आपण झोपणार आणि आपल्याला कोणी उठवलेच नाही तर, असा तिचा प्रश्न होता, आणि तो ती डॉक्टरांना न विचारता पुन्हापुन्हा मला विचारत होती. कारण आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. दादा सही करण्यापुरते लिहितात. कागद आला की तो माझ्या हातात येतो.

आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ बाई आल्या. त्यांनी खूप प्रश्न विचारले. पूर्वी कधी भूल दिली होती का, दमा आहे का, जिना चढताना धाप लागते का, कोणत्या औषधाने अंगावर पुरळ उठते का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, एखादा दात हलतो का. मग त्यांनी तंबाखूचे विचारले. आई गप्प राहिली. माझी आई पंचवीस वर्षे मिश्री लावते, पण खाटेभोवती दादा होते, थोरले चुलते होते, आणि थोरल्या दिरासमोर ती हे बोलणार नव्हती. मी पुरुषमाणसांना चहाला पाठवले. ती बाहेर गेल्यावर आईने खाली मान घालून सांगितले. बाई रागावल्या नाहीत. मिश्री म्हणजे तंबाखूच, तिच्यामुळे नाडीची गती आणि रक्तदाब वाढतो, आणि मिश्रीने हिरड्या सैल झाल्या असतील तर श्वासाची नळी घालताना दात निखळून घशात जाऊ शकतो, असे त्यांनी समजावले आणि आईचे खालचे दोन दात हलवून पाहून कागदावर नोंद केली. आता शस्त्रक्रिया होईपर्यंत मिश्री बंद, एवढेच सांगितले.

मग उपाशी राहण्याची गोष्ट निघाली. आई म्हणाली की तिला उपासाची सवय आहे, ती एकादशी करते, संकष्टी करते. बाई हसल्या आणि उपासाला काय खाता असे त्यांनी विचारले. आपल्याकडचा उपास म्हणजे साबूदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी आणि दोन वेळा दुधाचा चहा. भुलीसाठीचा उपास तो नव्हे. जेवण शस्त्रक्रियेच्या निदान सहा तास आधी बंद, तेलकट-तुपकट असेल तर आठ तास. दूध आणि दुधाचा चहा अन्नातच मोजायचा. साधे पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत थोडेथोडे चालते. कारणही त्यांनी सांगितले. जागेपणी घास चुकीच्या वाटेने गेला तर ठसका लागतो. भुलेमध्ये तो ठसका झोपतो. पोटात अन्न असेल आणि ते वर आले तर सरळ फुप्फुसात उतरते. पोटातल्या आम्लाने फुप्फुसाला कशी इजा होते हे अमेरिकेतील मेंडेलसन यांनी १९४६ साली दाखवून दिले, हे मी नंतर वाचले. नुसते उपाशी राहा असे सांगून बाई निघून गेल्या असत्या तर आईने पहाटे श्रद्धेने चहा घेतला असता, कारण तिच्या हिशेबात ती उपाशीच होती.

सर्वांत कठीण गेले ते मंगळसूत्र, बांगड्या आणि जोडवी काढणे. शस्त्रक्रियेत विजेच्या उपकरणाने रक्तवाहिन्या बंद करतात, अंगावर धातू असेल तर तेथे भाजू शकते, आणि हात सुजला तर बांगडी रुतते. हे सर्व पटले तरी नवरा समोर असताना सौभाग्याची लेणी उतरवायला आईचा हात धजेना. आजीने मार्ग काढला. तिने मंगळसूत्र काढून दादांच्या हातात दिले आणि ज्याच्या नावाचे आहे त्याच्याच जवळ राहू दे असे सांगितले. दादांनी ते सदऱ्याच्या खिशात ठेवले. शस्त्रक्रिया चालली तेवढा वेळ ते बाकावर बसून होते, आणि त्यांचा हात खिशावरून हलला नाही.

संमतीपत्र मी वाचले. आईला ओळ आणि ओळ मराठीत सांगितली, धोका लिहिलेला भागही सांगितला. दादांना तो भाग वगळावा असे वाटत होते. बाईमाणूस घाबरेल असे त्यांचे म्हणणे होते. मी सांगितला, कारण शरीर तिचे होते. सगळे ऐकल्यावर तिने मघाचाच प्रश्न शेवटी बाईंनाच विचारला, मला उठवणार कोण? बाईंनी सांगितले की ज्या झोपवतात त्याच उठवतात, आणि मधल्या वेळात त्या खोली सोडून जात नाहीत. बोटाला एक चिमटा लावतात, त्यातून रक्तातला प्राणवायू सतत दिसत राहतो. (जपानच्या आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास काढलेली ही युक्ती.) त्यासाठीच नखाला मेंदी किंवा रंग नको. आईने मग अंगठा टेकवला नाही. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेले आपले नाव तिने सावकाश लिहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती जागी झाली आणि तिने आधी पाणी मागितले, मग मंगळसूत्र.

या मोठ्या कामात आजारी माणसाच्या संमतीला किती मोल आहे याचे एक थोर उदाहरण आपल्याच प्रांतातले आहे. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी महात्मा गांधींच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. गांधीजी तेव्हा येरवड्याचे कैदी होते. डॉक्टरी विद्येवर त्यांनी १९०९ साली हिंद स्वराज्यात कडक टीका केली होती. तरीही त्यांनी श्रीनिवास शास्त्री यांच्या उपस्थितीत संमतीपत्रावर सही केली आणि ज्या सरकारचे ते कैदी होते त्याच सरकारच्या सर्जनपुढे, क्लोरोफॉर्मच्या गुंगीत, निश्चिंतपणे पडले. बाहेर वादळ होते. मध्येच वीज गेली आणि राहिलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले. निःशंक मनाने स्वतःला दुसऱ्याच्या हाती सोपवणे किती कठीण आहे! गांधीजींसारख्यालाही ते कागद वाचून, सही करूनच करावे लागले. मग माझ्या आईने चार प्रश्न विचारले तर त्यात गैर ते काय?

वानलेस यांच्यापुढे आलेल्या बायकांनाही हेच प्रश्न पडले असतील. त्यांना मराठी शिकून, त्यांच्या सासवांना, दिरांना, नवऱ्यांना समजावून मग कोठे क्लोरोफॉर्मची बाटली उघडता आली असेल. हत्यारे उकळायला अर्धा तास लागतो. माणसाचे मन तयार व्हायला किती लागतो याचे गणित कोणत्याही पुस्तकात नाही. मिरज हे नाव घेताना माझ्या आजीच्या आवाजात भीतीबरोबर आशा आली, ती या चाळीस वर्षांच्या समजावण्यातून आली असे मला वाटते. १९६२ साली मिरजेत वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आज सांगली-मिरजेत दवाखान्यांच्या पाट्या मोजता येणार नाहीत इतक्या आहेत. त्यांतले कितीतरी डॉक्टर शेतकऱ्यांची, मजुरांची मुले आहेत. परक्या देशातून डॉक्टर येण्याची वाट आता आपल्याला पाहावी लागत नाही.

आपण कलाशाखेचे विद्यार्थी. भूल, शस्त्रक्रिया हा आपला विषय नव्हे असे म्हणून आपण बाजूला होऊ शकतो. परंतु आपल्या वर्गातले निम्मे जण तरी माझ्यासारखेच घरातले पहिले कॉलेजात आलेले आहेत. उद्या घरात कोणाला दवाखान्यात न्यावे लागले की कागद आपल्याच हातात येणार आहे. तेव्हा तो पूर्ण वाचावा. धोक्याची ओळ गाळू नये. दुखणेकऱ्याच्या खाटेभोवती गर्दी असेल तर ती जरा बाहेर पाठवावी, म्हणजे मिश्रीची, दारूची, लपवलेल्या गोळ्यांची गोष्ट त्याला बोलता येईल. उपास म्हणजे कोणता उपास हे विचारून घ्यावे. आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना त्या माणसाने स्वतःच्या तोंडाने प्रश्न विचारावा, यासाठी त्याला धीर द्यावा. एवढे काम करायला विज्ञानाची पदवी लागत नाही, आपण शिकलो ती मराठी पुरते.